चालणं रोज होतंय, पण खाली बसलं की उठवत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ५४, घर घोडबंदर रोडला, नोकरी महापेला. गेली काही वर्षं रोज सकाळी ४० मिनिटं चालणं, आठवड्यातून एखादा खाडा. तरीही पूजेला पाटावर बसलं की उठताना हात टेकावा लागतो, जिना उतरताना गुडघे दुखतात. साखर काठावर आहे. मुलगा म्हणतो जिम लावा, मित्र म्हणतात या वयात वजनं उचललीस तर गुडघे आणि कंबर दोन्ही घालवून बसशील. बायको पन्नाशीची, वर्षापूर्वी तिची पाळी थांबली. तिलाही काहीतरी सुरू करायचंय, पण जिमचं नाव काढलं की नको म्हणते. दोघांनी काय करावं?

मुलाचं बरोबर आहे, मित्रांचं चूक. मुलाच्या बोलण्यात एवढीच दुरुस्ती करते की जिम लावलीच पाहिजे असं नाही, वजन मात्र उचललं पाहिजे. कुठे उचलता याने मला फरक पडत नाही. मी नौपाड्यात बरीच वर्षं फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. पन्नाशी ओलांडलेल्या पेशंटना "व्यायाम काय करता?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "रोज चालतो ना!" कोणी मसुंद्याला फेऱ्या मारतं, कोणी कचराळीला, कोणी उपवनला. ठाण्यात तलावांना तोटा नाही. चालणं वाईट नाहीच, ते सोडू नका. पण त्याने जे होत नाही, तेच तुम्हाला पाटावरून उठताना कमी पडतंय.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगतात. तुमच्या ४० मिनिटांच्या हिशोबाने तुम्ही त्यात आरामात बसता. पण त्याच कागदावर पुढची ओळ आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस, सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. आणि ६५ नंतर तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी. ही दुसरी ओळ आपल्याकडे कोणी वाचतच नाही. डॉक्टरही घाईत "चालत जा" एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलावतात.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूंच्या जागी चरबी येते आणि आकडा तोच राहतो. त्यातही ताकद स्नायूंच्या आकारापेक्षा लवकर जाते, आणि झटकन जोर लावण्याची क्षमता सगळ्यात आधी जाते. ठाणे स्टेशनच्या पुलावर मागून धक्का बसला तर पुढचं पाऊल चटकन टाकून सावरायला स्नायूंतले हेच झटकन जोर लावणारे तंतू लागतात. सपाट रस्त्यावर चालताना शरीर त्यांना कामाला लावतच नाही. वर्षानुवर्षं तोच वेग आणि तोच रस्ता असला की पायांना नवीन काही करावं लागत नाही, मग ते आहेत तिथेच राहतात. खरं तर वयाबरोबर हळूहळू मागे जातात.

आता पाटावरून उठण्याचं पाहू. खाली बसलेला माणूस उठतो तेव्हा आधी पाय खाली घेतो, छाती पुढे झुकवतो, गुडघा बोटांच्या पुढे जातो, टाच जमिनीवर राहते, आणि मग मांड्या व नितंब मिळून सगळं शरीर वर ढकलतात. यातला एक दुवा जरी ढिला असला तरी हात टेकावा लागतो. कुठला दुवा ढिला आहे हे घरच्या घरी कळतं. भिंतीकडे तोंड करून एक पाऊल भिंतीपासून चार बोटं मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकत नसेल तर घोटा आखडलाय. कितीही बैठका काढा, आधी तो सुटा करावा लागेल. रोज याच स्थितीत गुडघा पुढे-मागे नेत राहा, महिन्याभरात फरक दिसतो. घोटा ठीक असेल तर ताकद तपासा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या, हाताची घडी छातीवर, आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाचे १४ पेक्षा कमी झाले आणि बाईचे १२ पेक्षा कमी झाले तर पाय सरासरीपेक्षा कमजोर धरतात. तुम्ही ५४ चे आहात, तेव्हा त्याहून बरेच व्हायला हवेत. आणि खुर्चीवरून उठणं छान होतंय पण जमिनीवरून होत नाही, असं असेल तर सवय गेलीय. पाट गेला, सोफा आला. रोज रात्रीची बातम्यांची पंधरा मिनिटं सतरंजीवर बसून बघा, एवढ्यानेही सुरुवात होते.

यावरून आठवलं. जमिनीवर बसून हात न टेकता उठण्याच्या चाचणीचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत असतो, "उठता आलं नाही तर आयुष्य कमी" असं सांगणारा. त्यामागचा अभ्यास खरा आहे. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ आराउजो यांच्या गटाने ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांवर तो केला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त होते हेही खरं. पण ती कुंडली नव्हे. ज्याचा गुडघा जुन्या अपघाताने वाकत नाही त्याला गुण कमीच मिळणार. आज किती गुण आहेत यापेक्षा सहा महिन्यांनी ते वाढले का, हे बघा.

मित्रांची भीती एकदम निराधार आहे असं मी म्हणणार नाही. चुकीच्या पद्धतीने, पहिल्याच दिवशी, तरुण पोराच्या बरोबरीने उचललं तर कंबर धरतेच. पण "या वयात" हा मुद्दा खोटा आहे. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा, चांगल्यापैकी जड वजनांचा व्यायाम दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या माणसांचे स्नायू ऐकतात, तर चोपन्नचे का नाही ऐकणार?

घरी करायचं असेल तर आठवड्यातले दोन दिवस ठरवा, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे सोमवार आणि गुरुवार, असं. अर्धा तास पुरतो. खुर्चीवरून उठ-बस, खाली येताना मनात तीन मोजत हळू. जिन्याच्या खालच्या पायरीवर एकेका पायाने चढणं-उतरणं. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, याने नितंब कामाला लागतात, जे ऑफिसच्या खुर्चीत दिवसभर नुसते दबून असतात. ओट्याला हात टेकून तिरके जोर. ते सोपे वाटू लागले की पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. ओटा धरून टाचा उचलणं. एक हात पलंगावर टेकून दुसऱ्या हाताने तांदळाची पाच किलोची पिशवी जमिनीवरून कमरेपर्यंत ओढणं. आणि शेवटी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात ताठ चालणं. भाजी आणायला जाता तेव्हा हाच व्यायाम फुकट होतो, पण आपण तिथे रिक्षा करतो.

किती वेळा आणि किती जड, यावर सगळं अवलंबून आहे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, मिनिट-दीड मिनिट थांबून पुन्हा एकदा. पंधरवड्याने तिसरा सेट घ्या. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, पण मनात आणलं तर आणखी दोन झाले असते, इतकंच. एकही शिल्लक नसेल तर वजन जास्त आहे, आणखी आठ सहज होत असतील तर कमी आहे. १२ सहज व्हायला लागले की वाढवा: खुर्चीवरून उठताना छातीशी पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक धरा, पायरी थोडी उंच घ्या. बहुतेकांची गाडी इथेच अडकते. मी जिममध्ये बायकांच्या हातात वर्षानुवर्षं तीच एक किलोची गुलाबी डंबेल्स बघते आणि माझी चिडचिड होते. त्याच बाई मंडईतून दोन हातांत पाच-पाच किलो घेऊन तीन मजले चढतात. त्यांना एक किलोने काय होणार? ट्रेनरना वाटतं, बाई आहेत, वय आहे, हलकंच बरं. बाईंना वाटतं, आपण व्यायाम करतोय. पुढे काहीच होत नाही.

उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना तोंडाने सोडा. रक्तदाब असलेल्यांनी तर हे पाळायलाच हवं.

गुडघ्यांचं. उतरताना दुखतं, चढताना कमी, म्हणजे बहुधा वाटीच्या मागचं दुखणं आहे आणि मांडीचा पुढचा स्नायू उतरताना भार धरून ठेवायला कमी पडतोय. यावर औषध म्हणजे तोच स्नायू बळकट करणं. गुडघ्याचा एक्स-रे काढला की "घासलेत" हा शब्द कानावर पडतो आणि माणूस घाबरून उठ-बसच बंद करतो. इथूनच खरी घसरण सुरू होते. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही: एक्स-रे खराब आणि चालणं झकास, असे लोक मी बघते, आणि उलटही. गुडघ्याच्या संधिवातात व्यायाम हा पहिल्या फळीतला उपचार आहे, गोळ्या-इंजेक्शनं नंतर. नुसता कट-कट आवाज येत असेल, दुखत नसेल, सुजत नसेल, तर दुर्लक्ष करा. दुखत असेल तर माझा नियम असा: दहापैकी तीनपर्यंत दुखणं व्यायाम करताना चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. आलं नाही किंवा सूज आली, तर पुढच्या वेळी खुर्ची उंच करा, म्हणजे खुर्चीवर एक-दोन उशा ठेवा, आणि गुडघा कमी वाकवा. पूर्ण थांबू नका. गुडघा अडकत असेल, चालता चालता सोडून देत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर मात्र दाखवा.

चालण्यात एक बदल करा, वेळ न वाढवता. आठवड्यातून दोन दिवस तीन मिनिटं भरभर आणि तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे. जपानच्या शिंशू विद्यापीठात मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांवर ही पद्धत तपासली गेली. एकसारखं चालणाऱ्यांपेक्षा या लोकांची मांडीची ताकद आणि दम जास्त वाढला, रक्तदाबही उतरला. भरभर म्हणजे बोलता येतं, पण पूर्ण वाक्य एका दमात नाही. उपवनला जात असाल तर येऊरचा चढ आहेच. उजाडल्यावर जा, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि बिबट्यांचा वावर आहे. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नका, विशेषतः रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर. तिने ठोके दबलेले असतात आणि घड्याळ म्हणतं तुम्ही आराम करताय. बोलण्याची कसोटी गोळी बदलली तरी बदलत नाही. दहा हजार पावलांचा हट्टही सोडा. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकताना पुढे आला, दवाखान्यातून नव्हे.

साखरेसाठी: रक्तातली साखर सर्वात जास्त ओढून घेणारी जागा म्हणजे स्नायू, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ती ओढतो. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं फिरा. महापेला बसल्या जागी आठ तास गेले तर सकाळच्या चालण्याचा फायदा बराच खाली येतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणा, फोन आला की उभं राहा. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असेल तर व्यायामाच्या वेळी खिशात साखर ठेवा आणि डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता वहिनींचं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. इथे नुसतं चालणं फारच कमी पडतं. हाडाला भार आणि थोडा दणका लागतो. वर सांगितलेले सगळे प्रकार त्यांनी तुमच्याबरोबर घरीच करावेत, वजनासकट. त्याला जोड म्हणून ओटा धरून चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा जरा जोरात खाली टेकवायच्या, वीस-तीस वेळा. हाडं ठिसूळ असल्याचं आधीच निदान झालेलं असेल, किंवा थोड्याशा पडण्याने मनगट-कंबर मोडलेली असेल, तर दणक्याचे प्रकार आणि पुढे वाकून पाठ गोल करण्याचे प्रकार फिजिओला विचारूनच.

एक गोष्ट बायका सांगत नाहीत, म्हणून मी विचारते. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब सुटतात का? सुटत असतील तर त्या व्यायामालाच नको म्हणतात आणि खरं कारण मनात ठेवतात. "जिम नको" यामागे कधीकधी हेच असतं. हे वयाचं म्हणून सहन करण्यासारखं नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून दोन-तीन महिने केले तर बहुतेकींना फरक पडतो. यासाठी खास काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ठाणे आणि नवी मुंबईत आता आहेत. वहिनींनी संकोच न करता विचारावं.

योग चालेल का, हा प्रश्न ठाण्यात हमखास येतो. घंटाळी मित्र मंडळाच्या योगवर्गांमुळे इथे दोन पिढ्या योग करतात आणि त्यांचा लवचीकपणा, तोल बघून मला हेवा वाटतो. वहिनींना तिथे आवडत असेल तर जरूर जाऊ दे. पण दोन गोष्टी राहतात. आसनांत भार तुमच्या शरीरापुरताच असतो, तो पुढे वाढवता येत नाही. आणि ढकलणं भरपूर, ओढणं जवळपास नाही, म्हणून पाठीच्या वरच्या भागाला वेगळं काम द्यावं लागतं. पिशवी ओढण्याचा प्रकार म्हणूनच वर घातला. तोलासाठी दात घासताना एका पायावर उभे राहा, सकाळी डावा, रात्री उजवा. बेसिन समोर असतंच.

खाण्यात महाराष्ट्रीय घरातली कमतरता एकच, प्रथिनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०२० ची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण उतारवयातल्या आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्या माणसाला १ ते १.२ ग्रॅमपर्यंत हवं. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. आपलं पातळ वरण वाटीभर घेतलं तर त्यात जेमतेम पाच ग्रॅम येतं, आणि पोह्यांच्या नाश्त्यात नावापुरतं. दोन अंडी म्हणजे बारा, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम बांगडा जवळपास वीस. शाकाहारी असाल तर नाश्त्याला मुगाचं धिरडं आणि दही, जेवणात वरणाऐवजी घट्ट उसळ, संध्याकाळी भाजलेले चणे. पावडरीच्या वाटेला गरज पडली तरच जा. किडनीचा आजार असेल तर हा सगळा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडे कोणी जायलाच हवं? चढावर छातीत आवळतं, जबडा किंवा हात भरून येतो, पूर्वी लागत नव्हता असा दम लागतो, चक्कर येऊन पडायला झालं, रक्तदाब १८०/११० च्या घरात आहे, हर्निया आहे, किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास झालाय, अशांनी. बाकीच्यांनी तपासण्यांच्या नावाखाली सहा महिने घालवू नयेत.

जिमच लावायची ठरली तर फी भरण्याआधी ट्रेनरशी दहा मिनिटं बोला. आजार, औषधं, जुनी दुखणी त्याने स्वतःहून विचारली तर बरं. पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढायला लावून "उद्या पाय दुखले म्हणजे व्यायाम लागला" असं म्हणाला, तर दुसरी जिम बघा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. पहिल्या महिन्यात वजनं वाढताना दिसतील ती मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्यामुळे, स्नायू स्वतः भरायला दोन-तीन महिने लागतात. तेव्हा आरशावर जाऊ नका, वहीत आकडे लिहा.

राहिला पाऊस. जूनमध्ये तलावाकाठची गर्दी ओसरते ती थेट गणपतीनंतर परतते, आणि तीन महिन्यांत कमावलेलं बरंच जातं. घोडबंदर रोडला तुमच्याकडे उंच इमारतीचा जिना आहे, त्याचा उपयोग करा. पाच मजले चढा आणि लिफ्टने खाली या, पुन्हा चढा, असे चार-पाच फेरे. गुडघे सुधारेपर्यंत उतरण्यासाठी लिफ्ट वापरायला अजिबात लाजू नका. चढण्याने दम वाढतो, उतरण्याने सध्या फक्त वाटी चिडेल. पायरीवरून उतरण्याचा सराव जिन्याच्या खालच्या पायरीवर, कठडा धरून, वेगळा होतोच आहे.